सात मिलिलिटर हवा

"बुडबुडा राहिला असेल," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं. आवाज माझाच होता, थोडा घोगरा, उन्हाळ्याच्या धुळीने बसलेला. पण 'असेल'वर किंचित खाली उतरणारा तो समजूतदार सूर माझा नव्हता. तो मी एकतीस वर्षांपूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकला होता, आणि तो इतकी वर्षं माझ्या घशात राहत होता हे मला माहीत नव्हतं. समोर बंद शाळेची रसायन प्रयोगशाळा होती. बाकी सगळे वर्ग सुट्टीमुळे कुलुपात, खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवलेल्या; फक्त या एका खोलीत आमचा पर्यावरण अभ्यासवर्ग भरत असे, सहा आठवडे, अठरा मुलंमुली, नववी ते अकरावी. ब्युरेटपाशी, थेंब सोडायच्या काचेच्या मापनळीपाशी, टाचणी उभी होती. हे तिचं नाव नव्हे. मुलांनी पहिल्याच दिवशी एकमेकांना नावं ठेवून टाकली होती आणि तिला ते शोभत होतं, ती बारीक होती आणि टोचायची. मला ती मुलं माझ्या पाठीमागे थेंबबाई म्हणत, कारण मी प्रत्येकाला शेवटचा थेंब मोजायला लावत असे. "दुसऱ्यांदा करून बघ," मी म्हणाले. "दोनदा केलं, मॅडम. सहा पॉइंट चार आणि सहा पॉइंट तीन." "मग बाटली भरतानाच राहिला असेल." पुन्हा तोच सूर. टाचणीने माझ्याकडे पाहिलं, पट्टी घेतली आणि आपल्या वहीतल्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारली. मीच शिकवलं होतं: खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, गिरवून काळं करायचं नाही. तिची रेघ इतकी नीट होती की मी नजर काढून फळ्याकडे वळले.

फळ्यावर पाच ठिकाणांचे आकडे लिहिलेले होते. शहरातून वाहणाऱ्या त्या ओढ्याचं पाणी आम्ही दर मंगळवारी पाच ठिकाणी घेत होतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजत होतो. वर टेकडीपाशी सात, मग पाच, मग दोन, आणि चौथ्या ठिकाणी, कापड रंगवण्याच्या जुन्या कारखान्याखालच्या पुलापाशी, शून्याला चिकटलेलं काहीतरी: पॉइंट चार. पाचवं त्याहून वाईट. चार आठवडे असंच. एखादं माणूस जिना उतरत तळघरात जावं तसे ते आकडे उतरत होते, आणि मुलांनाही त्याची सवय झाली होती. या कामातला माझा आवडता क्षण ओढ्याच्या काठावरचा असतो. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, वरून वाहू द्यायचं, बूच तिरकं सरकवायचं म्हणजे आत हवा अडकत नाही. मग दोन औषधं, थेंब थेंब. बाटली उलटसुलट केली की आत एक गढूळ ढग तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो ढग तपकिरी होतो, ओल्या मातीसारखा. नसेल तर पांढराच राहतो. चौथ्या ठिकाणचा ढग नेहमी पांढरा असायचा. भोंगा नावाची एक मुलगी होती, जिचा आवाज दोन वर्ग ओलांडून जाई, ती पहिल्या आठवड्यात तो पांढरा ढग बघून म्हणाली होती, "मॅडम, हे पाणी गेलं की हो!" आणि सगळे हसले होते, आणि मीही हसले होते, कारण माझ्या हातात त्या पाण्याचा मृत्यूचा दाखला तीस वर्षांपासून होता. नव्हे, मीच तो लिहिला होता.

म्हणजे असं की मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटच्या टेबलावर बसत होते. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. आई आजारी असताना त्यांनी न मागता मला रजा दिली होती, आणि माझ्या टेबलावरची गळकी ब्युरेट पाहून स्वतःची आणून लावली होती. एका उन्हाळ्यात मी चौथ्या ठिकाणचा आकडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले: पाच पॉइंट नऊ. आदल्या सगळ्या महिन्यांत तिथे शून्य होतं. साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "बुडबुडा राहिला असेल. नवीन माणसाकडून होतं असं." मी रेघ मारली. त्या वर्षीच्या तक्त्यात चौथं ठिकाण शून्यावर राहिलं आणि तक्ता वर गेला. वरून यादी आली. त्या यादीत ओढ्याच्या खालच्या भागापुढे एकच शब्द होता, मृत, आणि त्यानंतर सगळ्या कागदांत ओढ्याचा नाला झाला, पुढे काही वर्षांनी नाल्याचं गटार झालं. पाणी तेच होतं. मी नोकरी केली, बढत्या घेतल्या, मुदतीआधी स्वेच्छेने निवृत्त झाले, आणि कधी बसमधून तो पूल आला तर पलीकडच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

समन्वयक सर आत आले तेव्हा मी फळा पुसायचं फडकं हातात धरून नुसती उभी होते. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अभ्यासवर्ग त्यांनीच सुरू केलेला, खिशात नेहमी खडू. "काय मॅडम, जमतोय का आपला आलेख? शनिवारी बांधकाम खात्याचे अभियंता येणार आहेत. आपला अहवाल ते फाइलला जोडणार म्हणतात. मुलांचा अहवाल, सरकारी फाइलला! काय मान आहे." ती कुठली फाइल ते मला माहीत होतं. तिसऱ्या ठिकाणापासून पाचव्यापर्यंत ओढा काँक्रीटच्या पेटीत घालायचा, वर स्लॅब टाकायचा आणि स्लॅबवर वाहनतळ करायचा अशी योजना होती. तिथे काही जिवंत नाही, मग झाकायला हरकत कसली. टाचणीने वहीतून वर न बघता विचारलं, "सर, एक आकडा वेगळा आला तर?" "वेगळा म्हणजे?" "चौथ्याला सहा पॉइंट चार." सर फळ्यापाशी गेले, आपल्या खडूने हवेतच एक रेघ काढली, वरून खाली, छान सरळ. "एक ठिपका काढला तर बघ कसा देखणा दिसतो आलेख. चुका होतात बेटा, त्यातून शिकायचं असतं. मॅडमनी सांगितलंच असेल तुला." "हो," टाचणी म्हणाली. "बुडबुडा." त्या एका शब्दात तिने मला आणि मोठ्या साहेबांना एकाच बाकावर बसवलं.

घरी जाताना मी चालत गेले. ऊन उतरत होतं तरी भिंती तापलेल्या होत्या, हात टेकवला तर आतून धग यायची. मी स्वतःशी हिशेब घालत होते की मुलीला काय सांगायचं. चूक असती तर मी तिला चूक म्हटलं यात काही गैर नव्हतं. पण मी तिची बाटली पाहिलीच नव्हती. मी तिचा ढग कुठल्या रंगाचा होता हे विचारलं नव्हतं. मी आकडा पाहिला आणि तोंड उघडलं, आणि तोंडातून दुसराच माणूस बोलला. माझी ताई, मोठी बहीण, घरी भाजी निवडत बसली होती. ती आयुष्यभर रुग्णालयात नर्स होती आणि आता आम्ही दोघी एकमेकींवर देखरेख ठेवतो. "चेहरा का असा?" तिने विचारलं. "ताप बघू का?" मी तिला सगळं सांगितलं, आजचं आणि तेव्हाचं. तिने देठं बाजूला केली. "तो दिवस मला आठवतो," ती म्हणाली. "तू एका पायात चप्पल घालून घरी आली होतीस." "काहीतरीच." "काहीतरीच काय? नवी होती ती. तू पहिल्या पगारातून घेतलेली. आईने डोक्यावर घेतलं होतं घर. तू म्हणालीस, पुलावरून पडली, खाली शोधायला उतरले तरी सापडली नाही, वर पाय मात्र गारठला. मी म्हटलं, या उन्हाळ्यात पाय गारठतो कसला, सोंगाडी कुठली!" ताई हसली आणि मग माझ्याकडे पाहून थांबली, कारण मी हसत नव्हते.

मी उतरले होते. कठड्यावर बादलीचा दोर बांधताना चप्पल पायातून सुटली आणि खाली गेली. आता ती पडताना दिसत होती, लाल पट्ट्याची, एकदा गिरकी घेऊन. नियम असा होता की चौथ्या ठिकाणचं पाणी पुलावरून, मध्यप्रवाहातून, दोर सोडून घ्यायचं. नोंदवहीच्या पानावर ते छापलेलंच होतं. मी डाव्या काठाने दगडी भिंतीखाली उतरले, चप्पल शोधली, ती मिळाली नाही, आणि पुन्हा वर जाऊन दोर सोडायचा कंटाळा आला म्हणून तिथेच, भिंतीच्या पायथ्याशी, बाटली भरून घेतली. छापील ओळीखाली सही करून टाकली. पुलावरून, मध्यप्रवाह. साहेबांपुढे उभी होते तेव्हा माझ्या आकड्याला माझा पाठिंबा का नव्हता हे मला एवढ्या वर्षांनी, ताईच्या ताटातल्या देठांकडे बघताना कळलं. बुडबुड्याचं मी लगेच मान्य केलं, कारण त्याहून लाजिरवाणं काहीतरी लपवायचं होतं. मी कपाटावरून पत्र्याची पेटी काढली. प्रयोगशाळेची नोंदवही तिथेच राहिली होती, पण आमच्याकडे प्रत्येकाची खिशातली एक कच्ची वही असे, आणि ती मी टाकलेली नव्हती. पानं पिवळी, एका कोपऱ्यावर आयोडीनचा डाग. 5.9. त्यावर माझी रेघ, एकच, खालचं वाचता येणारी. आणि त्याच ओळीत आधीच्या रकान्यात, ज्याकडे साहेबांनी पाहिलं नव्हतं आणि मी तर मुळीच नाही, पाण्याचं तापमान होतं. बाकीच्या चार ठिकाणी सत्तावीस. या एका ठिकाणी साडेएकवीस.

दुसऱ्या दिवशी टाचणी माझ्याआधी येऊन बसली होती. भोंगा तिच्या शेजारी, नेहमीच्या मानाने गप्प. टाचणीने एक कागद पुढे केला. "मॅडम, रागावू नका. मी फक्त हिशेब केला." कागदावर तिच्या बारीक अक्षरात पाच ओळी होत्या. एका लिटरमध्ये सहा मिलिग्रॅम प्राणवायू जास्त आला. आपली बाटली तीनशे मिलिलिटरची, म्हणजे तिच्यात जास्तीचा प्राणवायू पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. तो हवेतून यायचा तर हवा किती लागेल? हवेचा पाचवा भाग प्राणवायू. उत्तराखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या: जवळजवळ सात मिलिलिटर. "सात मिलिलिटर म्हणजे दीड चमचा," ती म्हणाली. "एवढा बुडबुडा असता तर बाटलीचा गळाच रिकामा दिसला असता." "आंधळ्यालाही दिसला असता," भोंगा न राहवून म्हणाली. "मी होते ना तिथे! बूच लावल्यावर बाटली उलटी करून बघितली आम्ही. माशीएवढासुद्धा नव्हता." मी कागद हातात धरून बसले. पाच ओळी. दहावीतल्या मुलीने रात्रीच्या जेवणानंतर केल्या असतील. माझ्याकडे तेव्हा पदव्युत्तर पदवी होती, सुवर्णपदकाची डबी आईने देवघरात ठेवली होती, आणि एकतीस वर्षांत एकदाही मी हा गुणाकार केला नव्हता. मोठ्या साहेबांचा बुडबुडा मी कधी मोजलाच नाही. एखाद्याने घरात आणून ठेवलेल्या जड पेटीसारखा तो राहिला होता, आणि मी त्याला वळसा घालून वावरत होते.

मग मी विचारायचं ते विचारलं. "पाणी कुठून घेतलंस?" टाचणीने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने छताकडे. "पुलावरून," टाचणी म्हणाली. "छापलंय तसं." "छापलंय ते मला माहीत आहे. तू कुठून घेतलंस?" खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी दोनदा वाजवली. "माझ्याही पायातली चप्पल एकदा त्या पुलावरून पडली होती," मी म्हणाले. "मी खाली उतरले आणि तिथलंच पाणी भरलं. आणि वर पुलावरून म्हणून सही केली." दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू फळा बोलला. "तुम्ही?" भोंगा म्हणाली. "थेंबबाई?" आणि तिने तोंडावर हात ठेवला. टाचणीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "दोराची गाठ सुटली," ती हळू म्हणाली. "बादली खाली गेली. मी आणायला उतरले, भिंतीपाशी. मग तिथेच भरून घेतलं. तुम्ही बाकीच्यांबरोबर पाचव्या ठिकाणी गेला होतात. म्हटलं, पाणी तर एकच ना." "तापमान किती लिहिलंस?" तिने वही उघडली. "बावीस." "आणि बाकीच्या ठिकाणी?" तिने पान उलटलं, पुन्हा मागे आलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पाण्याखाली दगड हलावा तसं. "अठ्ठावीस," ती म्हणाली. आणि मग, मी सांगायच्या आत, "मॅडम, बुडबुड्याने पाणी गार होत नाही."

आम्ही तिघी तशाच निघालो. डाव्या काठाची वाट म्हणजे दगडांच्या खाचा, मी पंचावन्नाव्या वर्षी बसून बसून उतरले आणि भोंग्याने मला दंडाला धरून सूचना दिल्या: "इथे पाय. नाही हो, तो नाही, दुसरा." खाली रंगाच्या पाण्याचा तो आंबूस वास होता जो मला झोपेतही ओळखता आला असता. प्रवाह मधून जात होता, करडा, आळसावलेला. पण भिंतीच्या पायथ्याशी, जिथे तळाचे दोन चिरे एकमेकांपासून बोटभर सरकले होते, तिथलं पाणी वेगळं दिसत होतं. त्यातून खालची वाळू दिसत होती आणि ती वाळू थरथरत होती. मी चप्पल काढली आणि पाय ठेवला. पोटरीपर्यंत गारवा चढला आणि त्याच्याबरोबर चोविसाव्या वर्षाचा तो दिवस अंगभर आला, चपलेचं दुःख, आईचं रागावणं, ताईचं सोंगाडी म्हणणं, सगळं, आणि त्या सगळ्याखाली मी तेव्हा न ऐकलेली गोष्ट: पायाला माहीत होतं. पायाने त्या दिवशी खरी नोंद केली होती. हात चुकीची सही करत होता तेव्हा. "झरा आहे," टाचणी म्हणाली, कुजबुजत, एखादं जनावर झोपलेलं असावं तशी. तिने दोन चिऱ्यांमधल्या फटीत तापमापी धरली, मोजून तीन मिनिटं, हात न हलवता. बावीस. दोन हात पलीकडे, प्रवाहात, अठ्ठावीस. वरचा पाऊस टेकडीत मुरून कुठून कुठून येत असेल आणि इथे, शहराच्या सगळ्यात घाण जागी, गुपचूप बाहेर पडत असेल. इतर वेळी प्रवाह मोठा असतो, तो हे सगळं गिळून टाकतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मग ते जाणवतं. आणि आम्ही सगळे नियमाने वर उभे राहून, मध्यप्रवाहात, दोर सोडत होतो. भोंग्याने एक दगड उलटा केला. खाली एक छोटी अळी होती, चपटी, तीन शेपट्यांची, कडेला कल्ले पंखांसारखे हलवणारी. ही अळी कमी प्राणवायूत जगत नाही. पुस्तकातलं चित्र मी मुलांना पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं आणि वरच्या पहिल्या ठिकाणीच ती सापडेल असं सांगितलं होतं. भोंगा काहीही न बोलता ती बघत राहिली. अर्धा मिनिट तरी. मग पुलावरून जाणारी माणसं थांबली एवढ्या मोठ्याने ती ओरडली, "जिवंत आहे!"

शनिवारी शाळेच्या सभागृहात पन्नास माणसं होती, त्यातली तीस मुलांचे आईबाप. अभियंता पुढच्या रांगेत, मांडीवर फाइल, बूट स्वच्छ. सरांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ खडू बोटांत फिरवत बसले आणि म्हणाले, "म्हणजे आलेख बिघडला." मग म्हणाले, "नाही. दोन आलेख लागतील." त्यांनी रात्रभरात तो दुसरा कागद स्वतः रंगवून आणला होता, आणि आता तो धरून उभे होते. टाचणीने मांडलं. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत तुटला, मग सावरला. आकड्यांपाशी आल्यावर तिला थांबवणं कुणाला जमलं नसतं. शेवटी तिने सांगितलं की पाणी छापील जागेवरून घेतलेलं नव्हतं आणि तिने तसं लिहायला हवं होतं. अभियंत्यांनी चष्मा काढला. "मग हा आकडा ग्राह्य कसा धरायचा? तुम्हीच म्हणता नियमाप्रमाणे घेतला नाही. आमच्याकडे तीस वर्षांचे तक्ते आहेत. सगळीकडे शून्य." सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. माझी पाळी येईल हे मला माहीत होतं, तरी गुडघे आधी उठले आणि मी नंतर. "त्यातला पहिला तक्ता माझा आहे," मी म्हणाले. "माझ्या सहीचा. त्या वर्षी मलाही तिथे पाच पॉइंट नऊ आला होता. मी तो खोडला. मी चुकीच्या जागेवरून पाणी घेतलं होतं आणि ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी खरा आकडा चूक ठरवला. या मुलीने तसं केलेलं नाही." मी खिशातली कच्ची वही त्यांच्यापुढे ठेवली. तिथे, रेघेखाली, सगळ्यांना वाचता येईल असा तो आकडा होता. मला वाटलं होतं की तो क्षण अपमानाचा असेल. पण छातीतून काहीतरी उठून गेलं आणि तिथे जागा झाली, हवा आली, कितीतरी.

अभियंता वहीकडे बघत होते. "कागद कागदाच्या जागी," ते म्हणाले. "पण उद्या माझे वरिष्ठ विचारणार, कशावरून?" तेवढ्यात मागून भोंग्याचा आवाज आला, लाऊडस्पीकरशिवाय सगळ्यात स्पष्ट: "कशावरून काय, चला ना! पाच मिनिटांवर आहे!" आणि तिची आई "अगं, गप!" म्हणेपर्यंत अर्धं सभागृह उठलं होतं. तो मिरवणुकीसारखा प्रकार कुणी ठरवलेला नव्हता. पुढे मुलं बाटल्यांची पेटी घेऊन, मागे आईबाप, मध्ये समन्वयक सर आपला आलेख छत्रीसारखा डोक्यावर धरून, आणि ताईही, जी म्हणाली होती की ती फक्त मला चक्कर आली तर उचलायला आली आहे. अभियंत्यांनी भिंतीपाशी उतरताना बूट काढले, मोजे खिशात घातले. "तुम्हीच भरा, सर," टाचणी त्यांना म्हणाली आणि बाटली दिली. "वरून वाहू द्या. अजून. बूच तिरकं. हं." त्यांनी तिचं मुकाट्याने ऐकलं. एक पाय पाण्यात गेला आणि ते "अरे!" म्हणाले, लहान मुलासारखे. टाचणीने औषधं घातली, थेंब मोजत, ओठ हलताना दिसत होते. तिने बाटली उलट केली, सुलट केली, उलट केली. वर पुलाच्या कठड्यावर माणसं वाकली होती. ढग तयार झाला. आधी पांढरट, एक क्षणभर, आणि मग खालून रंग चढत आला, फिका, गडद, अजून गडद, नांगरलेल्या ओल्या जमिनीचा तपकिरी. अभियंत्यांनी बाटली उन्हात धरली. ढगातून ऊन जात नव्हतं. "खाली झरा असेल तर पेटी घालताच येणार नाही," ते शेवटी म्हणाले, अगदी कोरड्या कामाच्या आवाजात. "पाणी खालून दाब देईल, स्लॅब उचलून टाकेल. हे आधी सांगायला हवं होतं कुणीतरी." त्यांनी फाइल उघडली, गुडघ्यावर ठेवली, तिसऱ्या ते पाचव्या ठिकाणापुढच्या 'मृत' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: काम थांबवावे, पुन्हा पाहणी. मी वाकून बघितलं. एकच रेघ होती. खालचं वाचता येत होतं. पण आता ते खोटं होतं.

वरून टाळ्या आल्या, आधी तुरळक, मग सगळ्यांच्या, आणि भोंगा त्याही वरून ओरडत होती. टाचणी टाळ्यांकडे लक्ष न देता आपल्या वहीत लिहीत होती: ठिकाण चार अ, डावा काठ, भिंतीच्या पायथ्याशी, झऱ्यावर. मग तिने मंगळवारचं पान काढलं, जिथे तिची नीट रेघ होती, आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, खोडलेलं परत आणायचं तर काय करतात? रबराने रेघ पुसायची का?" "नाही," मी म्हणाले. "काहीच पुसायचं नाही. शेजारी लिहायचं." ती लिहू लागली. मी पाण्यात उभी होते, पोटऱ्यांना तो गारवा, एक चप्पल हातात आणि दुसरीही हातात. ताई वरून ओरडली, "दोन्ही आहेत ना गं या वेळी?" मी तिला दोन्ही उंच करून दाखवल्या. मग चप्पल काखेत धरून मी आपली पिवळी वही उघडली, पाच पॉइंट नऊपुढच्या मोकळ्या जागेत आजची तारीख घातली आणि खाली सही केली, हात न थांबवता: डावा काठ, भिंतीपाशी. नोंद बरोबर होती.